मोगऱ्याला नुसता पाला, कळी नाही. सोबत अजून काय लावू?

प्रश्न (विश्रामबाग, सांगली)
कुंपणालगत १२ फूट लांब, अडीच फूट रुंद वाफा आहे. काळी चिकट माती, बोअरचं पाणी, दुपारी २ पर्यंत ऊन. तीन वर्षांचे दोन मोगरे आहेत. पाला भरपूर, कळ्या दहा-बारा. कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. महिन्याला चमचाभर युरिया देतो. सोबत निशिगंध आणि अनंत चालेल का? दरवर्षी नवी लागवड नको.

उत्तर (मिरज)
युरिया आधी बंद करा, पाला त्यानंच माजलाय. मोगरा नव्या फुटीवर फुलतो. संक्रांत झालीच आहे, आता पाणी तोडा. काळ्या मातीत ओल टिकते, त्यामुळे दोन आठवडेही लागतील. पानं मलूल झाली की जमिनीपासून दीड फुटावर छाटा. वाळक्या काड्या बुडातून काढा, उरलेली पानं हातानं खुडा. आळं उकरून झाडाला ४-५ किलो कुजलेलं शेणखत, ५० ग्रॅम १५:१५:१५ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं मिश्र खत) द्या आणि मग भरपूर पाणी. साधारण दीड महिन्यात कळी धरते. एक बहर संपला की शेंडे चार बोटं खुडा, पुढचा येतो.

उत्तर (कराड)
पिवळेपणा लोहाच्या कमतरतेचा. चुनखडीच्या काळ्या मातीत हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) नुसता टाकून उपयोग नाही, मातीतच अडकतो. लिटरला ५ ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी पुन्हा. अनंताला आम्ल माती लागते, तो या वाफ्यात रडतच राहील. कुंडीतच ठेवा.

निशिगंध चालेल, पण एकेरी पाकळ्यांचा घ्या. दुहेरीला वास कमी. दोन-तीन सेंटिमीटर जाडीचे कंद एप्रिलमध्ये दोन इंच खोल, वीतभर अंतरावर लावा. वाफा सहा इंच उंच हवा, नाहीतर पावसाळ्यात कंद सडतात. फुलं तीन-चार महिन्यांनी, म्हणजे या उन्हाळ्यात त्याचा भरवसा धरू नका.

प्रश्नकर्ता
छाटणी फेब्रुवारीच्या सुरुवातीला धरतो. गेल्या वर्षी थोड्या कळ्या आल्या त्याही बुडाशी फुगून जांभळ्या पडल्या आणि गळाल्या. ते कशानं?

उत्तर (मिरज)
कळीमाशी. अळ्या कळीच्या बुडाशी असतात आणि पुढे मातीत कोष करतात. गळलेल्या कळ्या रोज वेचून जाळा, खतात टाकू नका. बुडाची माती आठवड्याला हलवा. कळी धरताना लिटरला ५ मिली निंबोळी तेल, थोडं साबणपाणी घालून, ऊन उतरल्यावर फवारा.