‘९९९ च्या वर १० टक्के आपोआप’: सरासरी वाढली, पण गल्ल्यात काय पडलं?

अबचौ_जुना

परवा इथे ‘सांगलीचा पुस्तकवाला’ यांनी एक लांबलचक पोस्ट टाकली. वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: त्यांच्या ऑनलाइन पुस्तकदुकानात त्यांनी तीन नियम लावले. बिल ९९९ च्या वर गेलं की १० टक्के आपोआप कमी. कोणतीही तीन पुस्तकं घेतली की १५ टक्के. १४९९ च्या वर टपालखर्च माफ. कूपन वगैरे टाकायचं नाही, टोपलीत माल पडला की सवलत लागलीच. दोन महिन्यांत सरासरी ऑर्डर ४६० वरून ७२० वर गेली म्हणे. आणि शेवटी हे वाक्य: "ज्यांना अजूनही हे जमत नाही त्यांनी दुकान नाही, टपरी चालवावी."

पुण्यात अप्पा बळवंत चौकात, पुस्तकांच्या बाजारात, एकतीस वर्षं काउंटरमागे उभा आहे. टपरीचा राग आला, खोटं कशाला बोलू. पण राग बाजूला ठेवून विचारतो. वर्गातली बुटकी पोरं घरी पाठवली की वर्गाची सरासरी उंची वाढते, त्यात कोणी इंचभरही उंच झालेलं नसतं. तुमच्या ऑर्डरी आधी किती होत्या आणि आता किती आहेत? पोस्टमध्ये सगळं आहे, हाच आकडा नाही.

दुसरं. आपल्याला प्रकाशकाकडून मिळतात तीस टक्के, फार तर पस्तीस. शंभराच्या पुस्तकावर दहा सोडले म्हणजे दहा टक्के सोडले असं गिऱ्हाइकाला वाटतं. आपण तिसातले दहा सोडलेले असतात. एक तृतीयांश कमाई.

आणि विषय निघालाच आहे तर, काउंटरवर येऊन दहा पुस्तकं चाळायची, मुखपृष्ठाचा फोटो काढायचा आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवायचं, या प्रकारावर कोणी पोस्ट लिहील का?

सांगलीचा पुस्तकवाला

काका, लपवण्यासारखं काही नाही. आधी महिन्याला २०० ऑर्डरी, आता १३०. विक्री ९२,००० होती, आता ९३,६००. सत्तर पार्सलं कमी बांधून विक्री जास्त. यात चुकलं काय? मी आणि बायको रात्री साडेबारापर्यंत बबल रॅप गुंडाळत बसायचो, आता दहाला जेवतो.

अबचौ_जुना

सवलत जायच्या आधी छापील किमतीने किती होतं ते सांगा. आणि टपालमाफीत किती गेले?

सांगलीचा पुस्तकवाला

छापील १,०२,०००. टपाल २,१००.

अबचौ_जुना

कागद घ्या.

आधी: ९२,००० ची विक्री, ७० टक्क्यांनी खरेदी ६४,४००. उरले २७,६००.
आता: १,०२,००० चा माल, खरेदी ७१,४००. हातात आले ९३,६००. उरले २२,२००. त्यातून टपाल गेलं, २०,१००.

म्हणजे साडेसात हजारांनी महिना उतरला, आणि त्यावर तुम्ही आम्हाला शिकवणी लावली. पुस्तकांवर जीएसटी नाही म्हणून हिशोब इतका तरी सोपा आहे.

सांगलीचा पुस्तकवाला

पॅकिंगचे पैसे विसरलात. खोका, टेप, बबल रॅप मिळून पार्सलला पंचवीस रुपये. सत्तर पार्सलांचे १,७५० वाचले. तर साडेसात नाही, ५,७५०.

आणि ऑर्डरी कमी झाल्या त्या सवलतीमुळे नाहीत हो! टपाल खात्याने रजिस्टर्ड बुक पॅकेट, म्हणजे पुस्तकांसाठीचं स्वस्त टपाल, डिसेंबर २०२४ मध्ये बंद केलं. त्यानंतर काही दिवस मी पदरचे घालून ४० रुपयेच लावत होतो. शेवटी ८० करावे लागले. अडीचशेच्या पुस्तकाला ८० टपाल म्हटल्यावर माणूस पळणारच. नियम नसते तर आणखी वाईट झालं असतं.

कोडमोड्या

हे ८० कधी केले? नियम लावले त्याच आठवड्यात?

सांगलीचा पुस्तकवाला

हो. एकदाच सगळं बदललं.

कोडमोड्या

मग झालं. आता कुणीच काही सिद्ध करू शकत नाही. तुम्हीही नाही, काकाही नाहीत. एका वेळी एक गोष्ट बदलायची असते राव. पोरगं तापाने फणफणलेलं असताना तीन डॉक्टरांची औषधं एकदम द्यायची आणि मग कोणाचं लागू पडलं विचारायचं, तसं झालं हे.

एकच_पुस्तक

त्या पळालेल्या सत्तरांतली मी एक, लातूरहून. मला एकच पुस्तक हवं होतं, २४० चं. वर हिरवी पट्टी: "फक्त ७५९ ची खरेदी आणखी करा आणि १० टक्के मिळवा!" फक्त! महिन्याला पुस्तकांसाठी माझे तीनशे असतात. काउंटरवर कोणी मला "बाई, अजून साडेसातशेचं घ्या" म्हणालं असतं तर मी तिथेच काहीतरी सुनावलं असतं. इथे सुनवायला कोणी समोर नाही, म्हणून टॅब बंद केला.

दुसऱ्या एका साइटवर तर "ग्रामीण वाचनालयाला १० रुपये देणगी" आधीच टिक केलेलं होतं. वाचनालयाला द्यायला ना नाही. पण मला विचारा तरी!

कोडमोड्या

ते देणगीचं प्रकरण सरळ नियमबाह्य आहे. ‘बास्केट स्नीकिंग’ म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या डार्क पॅटर्नच्या, म्हणजे ग्राहकाला गंडवणाऱ्या मांडणीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत तेरा प्रकार आहेत, त्यातला एक. हिरवी पट्टी त्यात बसत नाही, ती नुसती चिकट आहे.

सांगलीकर, दुकानाचं सॉफ्टवेअर वूकॉमर्स आहे ना? एक तपासा. मूळ वूकॉमर्समध्ये कूपन आपोआप लागत नाही, त्यासाठी तुम्ही प्लगिन, म्हणजे वरून जोडायचं सॉफ्टवेअर, टाकलं असणार. ठरावीक रकमेवर टपाल माफ ही सोय मात्र मुळातच आहे, आणि तिथे एक चौकट असते: किमान रक्कम सवलतीच्या आधी मोजायची की नंतर. ती रिकामी असेल आणि सवलत कूपन म्हणून लागत असेल तर १५५० ची टोपली १० टक्के जाऊन १३९५ होते आणि टपालमाफी गुल.

सांगलीचा पुस्तकवाला

अरे देवा. एक गृहस्थ फोनवर ओरडत होते ते याच्यासाठी होय! मला वाटलं त्यांना बेरीज येत नाही.

लिहिती_बाई

तुमच्या ९९९ आणि १४९९ मध्ये लेखक कुठे आहे? १५ टक्के सोडलेत ते कोणाच्या खिशातून?

सांगलीचा पुस्तकवाला

माझ्या, ताई. प्रकाशकाला माझ्याकडून तेवढेच जातात. वर काकांनी पाटी-पेन्सिल घेऊन दाखवलंच आहे.

लिहिती_बाई

तुमच्या बाबतीत असेल. माझा अनुभव ऐका. माझ्या कथासंग्रहाची छापील किंमत ३००. तोंडी ठरलं होतं दहा टक्के मानधन, म्हणजे प्रतीमागे ३०. हिशोब आला तो प्रतीमागे १८ ने. का? तर करारात ‘विक्री किमतीवर’ असा शब्द होता आणि प्रकाशकाने वितरकाला ४० टक्के सोडले होते. १८० चे दहा टक्के. पुढच्या वर्षी गावात मंगल कार्यालयात ‘कोणतेही पुस्तक ५० रुपये’ प्रदर्शन लागलं. टेबलावर माझं पुस्तक, बाजूला पाककृती आणि वास्तुशास्त्र. मीच चार प्रती विकत घेतल्या. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, पाच घ्या, सहावं फुकट."

छापखाना

ताईंबद्दल सहानुभूती आहे, पण दर वेळी प्रकाशकाला चोर ठरवून मोकळं व्हायचं हे बंद करा. पाचशेची आवृत्ती काढायची. दोनशे जातात, त्यातल्या पन्नास लेखकाच्या नातेवाइकांना. उरलेल्या तीनशे गोदामात. भाडं मी भरतो, वाळवीही माझ्याच नशिबी. तीन वर्षांनी रद्दीत घालण्यापेक्षा पन्नास रुपयांत कोणाच्या घरी गेल्या तर बिघडलं काय?

लिहिती_बाई

बिघडलं हे की मला कळवलं नाही. रद्दीच्या भावाने मीच घेतल्या असत्या.

छापखाना

कळवलं की लेखक म्हणतात "थांबा, पुरस्कार येतोय". बारा वर्षांचा अनुभव आहे.

लिहिती_बाई

हे जरा अतीच होतंय. मी कोणता पुरस्कार मागायला आले होते?

अबचौ_जुना

छापखानावाले, या पन्नासच्या प्रदर्शनांनी आमची पाठ मोडली, ते तुम्ही रद्दीवर घालवू नका. गिऱ्हाईक येतं, तीनशेचं पुस्तक उचलतं आणि विचारतं, "हे प्रदर्शनात कधी येईल?" तोंडावर विचारतं!

आणि प्रकाशनपूर्व सवलत? ४० टक्के तुम्ही थेट वाचकाला देता, आम्हाला तीस. मग आम्ही पुस्तक काय सुशोभीकरणासाठी मांडायचं?

छापखाना

प्रकाशनपूर्वचे पैसे आले नाहीत तर कागदवाल्याला काय देऊ? तुमचे पैसे सहा महिन्यांनी येतात. तेही फोन केल्यावर.

अबचौ_जुना

माझे नव्वद दिवसांच्या आत जातात. दुसऱ्यांचं माझ्या माथी मारू नका.

एकच_पुस्तक

मला एक कळत नाही. छापील किंमत मुळात सवलत धरूनच फुगवतात ना? तीनशेचं पुस्तक चारशे छापायचं आणि २५ टक्के सूट द्यायची. म्हणजे जी बाई एकच घेते आणि सवलतीच्या उंबरठ्याला पोचत नाही, ती चारशे भरते आणि बाकीच्यांची सूटही तीच भरते.

छापखाना

सगळे नाही फुगवत.

लिहिती_बाई

"सगळे नाही" हे मी जपून ठेवते.

स्टुटगार्टकर

इकडे जर्मनीत हा वादच नाही. नव्या पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि कायद्याने ती सगळीकडे तीच, कोपऱ्यावरच्या दुकानातही आणि ॲमेझॉनवरही. आत्ताचा कायदा २००२ चा, प्रथा कितीतरी जुनी. माझ्या गल्लीतल्या दुकानात संध्याकाळी सांगितलेलं पुस्तक बहुतेकदा दुसऱ्या दिवशी सकाळी हजर असतं.

फ्रान्सची गंमत तर या धाग्याच्याच विषयाची आहे. तिथे १९८१ पासून ५ टक्क्यांच्या वर सवलत नाही. २०१४ मध्ये घरपोच पुस्तकांवर सवलत आणि फुकट टपाल दोन्हींना मनाई केली, तर ऑनलाइनवाल्यांनी टपाल एक सेंट लावलं. शेवटी ऑक्टोबर २०२३ पासून ३५ युरोच्या आतल्या ऑर्डरीवर किमान ३ युरो टपाल सक्तीचं. म्हणजे सांगलीकरांचा १४९९ चा नियम तिथे सरकारनेच लावला, तोही छोट्या दुकानांना वाचवायला.

छापखाना

आले परदेशस्थ. तिथे पगार युरोत आहेत.

स्टुटगार्टकर

पुस्तकंही युरोतच आहेत हो.

एकच_पुस्तक

म्हणजे फ्रान्समध्येही एकच पुस्तक घेणारीलाच भुर्दंड. छान.

स्टुटगार्टकर

हं. हे मात्र खरं. पण दुकानात जाऊन घेतलं तर टपाल नाही, कल्पना तीच आहे.

एकच_पुस्तक

लातूरहून अप्पा बळवंत चौकात जाऊ का मग?

कोडमोड्या

मंडळी, मानधनाचा वेगळा धागा काढा.

लिहिती_बाई

मागच्या वर्षी काढला होता. तिथे लोक सवलतींवर भांडले.

कोडमोड्या

😀 बरं. सांगलीकर, मूळ मुद्दा. सगळ्या ऑर्डरी लहान ते मोठ्या अशा रांगेत लावा आणि मधोमधची कितीची ते बघा. सरासरी सोडा. आणि कोणी एखाद-दुसरी दांडगी ऑर्डर दिली होती का?

सांगलीचा पुस्तकवाला

बसलो रात्री. आधीच्या महिन्यात मधली ऑर्डर ३१० ची होती, म्हणजे एकच पुस्तक. आणि हो... नव्या महिन्यात दोन शाळांच्या वाचनालयांच्या ऑर्डरी होत्या, मिळून १७,४००. त्या काढल्या तर १२८ ऑर्डरींची सरासरी ५९५ येते.

त्या शाळा दर वर्षी माझ्याकडूनच घेतात. त्यांनाही तीन पुस्तकांचा नियम लागला. तीन हजारांच्या वर सूट न मागता गेली.

अबचौ_जुना

न मागता! एकतीस वर्षांत मी न मागता आठ आणे सोडले नाहीत. मागितले की सोडतो, तेही तोंड बघून. तुमच्या यंत्राला तोंड दिसत नाही, हाच घोळ आहे.

कोडमोड्या

यंत्राला सांगता येतं. अमुक ग्राहकाला नको, प्रकाशनपूर्ववाल्या पुस्तकांना नको, एका वेळी एकच नियम, जास्तीत जास्त इतके रुपये. सांगायचं राहिलं, यंत्राचा दोष नाही.

सांगलीचा पुस्तकवाला

मान्य, पूर्ण नाही. ५९५ हे सुद्धा ४६० पेक्षा जास्तच आहे, आणि त्या ४६० मध्येही एक तालुका वाचनालय असेल. दहाचं जेवण मी सोडणार नाही. पण ९९९ जास्त झालं. मधली ३१० ची असेल तर दुसरं पुस्तक घ्यायला लावणारा आकडा हवा, ५९९ वगैरे. टक्के काढून टाकतो, तिथे फक्त टपाल निम्मं. शाळांशी फोनवर बोलेन. लातूरच्या ताई, ते २४० चं अजून हवं असेल तर कळवा, टपाल जुन्या दराने.

एकच_पुस्तक

वाचनालयात मिळालं. पण दुसरं एक आहे, १८० चं. हिरवी पट्टी काढलीत की सांगा.

अबचौ_जुना

आणि टपरी?

सांगलीचा पुस्तकवाला

टपरी मागे. पण काका, वेबसाइट काढा आता तरी.

अबचौ_जुना

पुतण्या काढतोय. काल त्याचा पहिलाच प्रश्न: "काका, कितीच्या वर टपाल फुकट ठेवू?" अजून उत्तर दिलेलं नाही.

कोडमोड्या

काहीही ठेवा, ती चौकट आधी बघायला सांगा त्याला.