कबड्डीच्या मैदानात प्रेक्षकांची लेझीम कशी बसवावी?

मैदानकर: गावच्या कबड्डी स्पर्धेत यंदा पथक न आणता प्रेक्षकांनाच लेझीम खेळायला उतरवायचंय. अंदाजे १२० जण, बहुतेकांनी शाळेनंतर ती हातात धरलेली नाही. लेझीम ६०च आहेत. पुरुषांच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात जमेल का? जागा किती?

फक्कीवाला: मध्यंतरात अजिबात नको. २०-५-२० चा सामना, पाच मिनिटांत रांगासुद्धा लागत नाहीत. उपांत्य सामन्यांनंतर २५ मिनिटं मागून घ्या. दहा-दहांच्या बारा रांगा, माणसामाणसात सगळीकडून २ मीटर, म्हणजे १८ बाय २२ मीटर आणि कडेने थोडी मोकळी जागा. प्रत्येकाच्या जागी फक्कीचा ठिपका टाका. नाहीतर लोक नकळत हलगीकडे सरकतात आणि दांडा शेजाऱ्याच्या कोपरावर बसतो. मॅटवर कुणालाच नेऊ नका, लेझिमीच्या चकत्यांनी ती फाटते.

हलगीसम्राट: शिकवायचे फक्त चार आवाज, म्हणजे लेझिमीचे चार ठोके. पहिले दोन वाकून गुडघ्यापुढे, उरलेले दोन ताठ उभं राहून छातीसमोर. आधी लेझीम न घेता, नुसत्या टाळ्यांवर. समोर तोंड करून शिकवणाऱ्याने डावं-उजवं उलटं करून दाखवावं, इथेच निम्मा गोंधळ होतो. हलगी रांगांच्या मधोमध ठेवा, भोंग्यावरून देऊ नका. भोंगा ४० मीटरवर असेल तर ठोका सेकंदाच्या जवळपास आठव्या भागाने उशिरा पोचतो आणि लय वाढली की मागच्या रांगा फुटतात. वाजवणाऱ्याला चढवायचा मोह होतोच, त्याला आधीच बजावा. संध्याकाळी दव पडलं की कातडं ढिलं पडतं, म्हणून शेकायला जाळ हाताशी हवा, मंडपापासून लांब. आणि सामना सुरू होताच हलगी बंद! चढाई करणाऱ्याचा दम पंचांना ऐकू यायलाच हवा.

मैदानकर: आणि ६० लेझीम १२० जणांत?

फक्कीवाला: एकाआड एक रांगेला द्या, बाकीच्यांनी त्याच मात्रांवर टाळ्या वाजवायच्या. पाच मिनिटांनी हलगी थांबवून अदलाबदल. लेझीम मिटून, दांडा आडवा धरून मागच्याच्या हातात द्यायची. फेकाफेकीत साखळी अडकते. वाटण्याआधी प्रत्येक साखळी ओढून टोकाच्या कड्या बघा, जुन्या लेझिमीत त्याच आधी निसटतात. साखळीच्या मधल्या मुठीत पूर्ण पंजा हवा, बोटं साखळीत गेली तर चिमटतात. काचेच्या बांगड्या काढून ठेवायला सांगा. दहा वर्षांखालच्या मुलांना टाळ्यांच्याच रांगेत उभं करा, मोठ्यांचा दांडा त्यांच्या तोंडाच्या उंचीवर येतो.