साडेतीन वर्षांची लेक फारसं बोलत नाही. अंगणवाडीत घालू की नर्सरीत?

लेकीची आई, जनता वसाहत

नमस्कार. मी पुण्यात सहकारनगरात चार घरी पोळ्या करते. आठला निघते, परत यायला एक वाजतो. नवरा मार्केट यार्डात हमालीला, तो पहाटेच जातो. आजवर लेकीला सासूबाई सांभाळायच्या. दिवाळीनंतर त्या गावी गेल्या. पर्वतीच्या पायऱ्यांसारखी आमची चढाची गल्ली, त्यांच्या गुडघ्यांना आता ती झेपत नाही.

समाजमंदिरात अंगणवाडी भरते, घरापासून दोन गल्ल्यांवर. पण शेजारणी म्हणतात, तिथे काय, नुसती खिचडी. म्हणून एका इंग्लिश नर्सरीत गेले. तिथल्या बाईंनी लेकीला हत्तीचं चित्र दाखवून इंग्लिशमध्ये नाव विचारलं. घरी आम्ही त्याला हत्तीदादा म्हणतो. ती माझ्या पदरात तोंड लपवून बसली. मग त्यांनी पेन्सिल दिली, उभ्या रेघा मारायला सांगितल्या. फी माझ्या चार महिन्यांच्या कमाईएवढी आहे. कर्ज काढून भरेन, त्याचं काही नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. "आई दे", "बाबा गेले" एवढंच बोलते. दोन शब्दांपुढे जात नाही. सासूबाई म्हणायच्या, तिचा बापही उशिराच बोलला. रात्री ती झोपली की मी तिच्याकडे बघत बसते. नर्सरीत घातलं तर बोलायला लागेल का?

निवृत्त सेविका

ताई, मी सव्वीस वर्षं अंगणवाडी चालवली. शाळेचं नंतर बघू, आधी कान तपासून घ्या.

या वयाला तीन-चार शब्दांची वाक्यं यायला हवीत आणि बाहेरच्या माणसालाही त्यातलं बरंचसं कळायला हवं. बाप उशिरा बोलला म्हणून थांबू नका. माझ्याकडे एक मुलगा होता, सगळे त्याला हट्टी म्हणायचे. एकदा त्याच्या मागे उभं राहून मी ताटलीवर चमचा वाजवला. बाकीची सगळी पोरं वळली, तो मणी ओवत राहिला. त्या दिवशी घरी जाऊन मी रडले, कारण तोवर सात महिने मीही त्याला हट्टीच म्हणत होते.

अंगणवाडीत नाव घाला, त्याचं एक कारण हेच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर, हे सगळं ते तपासतं. मूल मागे वाटलं तर पुढे पाठवतं. पण तुम्ही पथकाची वाट बघू नका. औंधच्या जिल्हा रुग्णालयात जाऊन लहान मुलांच्या कानाच्या तपासणीची चौकशी करा.

आता खिचडीचं. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडीतून दिवसाला किती कॅलरी आणि किती प्रथिनं मिळावीत याचा नियम आहे. दर महिन्याला वजन घेऊन तक्त्यावर मांडतात. त्या तक्त्यावरची रेघ खाली झुकली की आईच्या आधी सेविकेला कळतं. हे 'नुसतं' नाही हो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा मुलं शाळेत येईनात म्हणून त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. सरकारची योजना 1975 ची, पण मूळ तिथलं.

तरी सगळ्या अंगणवाड्या सारख्या नसतात, हे मी मान्य करते. एक दिवस अकराच्या सुमाराला जाऊन दारात उभ्या राहा. मुलं गाणी म्हणतात का, सेविका एकेकाशी नावानं बोलते का, ते बघा. पोरं भिंतीला टेकून गप्प बसलेली दिसली तर दुसरी अंगणवाडी शोधा. पेन्सिलची आत्ता मुळीच घाई नको. त्या बोटांनी आधी मटार सोलू देत, कणीक मळू देत.

आणि तिला "हे काय? ते काय?" असं विचारू नका. तुम्हीच बोला. ती "आई दे" म्हणाली की तुम्ही म्हणा, "आई, मला पोळी दे." रोज, न कंटाळता.

धायरीचा बाबा

काकूंचं शंभर टक्के खरं आहे. आम्ही मुलाला नर्सरीत घालून वर्षभर वाट बघितली. दोन्ही कानांत पडद्याच्या मागे पाणी साठलं होतं. ते वर्ष आजही सलतं. एक सांगतो, कानाची बेरा नावाची तपासणी लहान मूल झोपेत असताना करतात. ती करायची ठरली तर आदल्या रात्री उशिरा झोपवा आणि सकाळी लवकर उठवा. आमची पहिली खेप फुकट गेली होती.

दांडेकर पूल

ताई, अंगणवाडी सुटल्यापासून तुम्ही येईपर्यंत मूल कुठे ठेवणार? आम्ही तिघी जणींनी वार वाटून घेतलेत. जिचा वार, ती त्या दिवशी एक घर उशिरा धरते. मालकिणींना आधी सांगून ठेवलं, कोणी नाही म्हणालं नाही.

लेकीची आई, जनता वसाहत

काकू, काल संध्याकाळी मी तिच्या मागे ताटली वाजवली. दोनदा वळली नाही. तिसऱ्यांदा जोरात वाजवली तेव्हा वळली आणि हसली.

मंगळवारी चारही घरांची सुट्टी घेतली आहे. अंगणवाडीच्या ताईंनाही भेटून आले, त्यांनी तिचं नाव लिहून घेतलं. औंधला जायला स्वारगेटहून थेट बस मिळते का? तिला घेऊन दोन बस बदलणं अवघड जातं.