डॅलस एअर शो २०२२: एवढं मोठं बॉम्बर दिसलंच कसं नाही?

ठाणेकर_७७
नमस्कार मंडळी. आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा कोणीतरी तो डॅलसचा व्हिडिओ परत टाकला, १२ नोव्हेंबर २०२२ चा. दुसऱ्या महायुद्धातलं मोठं चार इंजिनांचं बी-१७ बॉम्बर सरळ चाललंय आणि मागून एक छोटं फायटर कलत येतं आणि सरळ त्याच्या पाठीत घुसतं, बॉम्बरचे दोन तुकडे आणि मग आगीचा लोळ. बॉम्बरमधले पाच आणि फायटरचा पायलट, सहाही जण गेले. खाली हजारो लोक बघत होते पण प्रेक्षकांतल्या कोणाला काही झालं नाही हे नशीब.
आता ग्रुपवर आमच्या एका काकांचं म्हणणं की फायटरवाला झोपला होता का, दिवसाढवळ्या एवढं धूड दिसत नाही म्हणजे काय. मला ते पटत नाहीये पण उत्तरही देता येत नाहीये. दोघेही म्हणे हजारो तास उडवलेले पायलट. मग झालं काय नक्की? कोणी नीट वाचलं असेल तर सांगा ना.

दर्यावर्दी
मी विमानवाला नाही, मर्चंट नेव्हीत २२ वर्षं काढली आता रत्नागिरीत आंबे बघतो. पण आमच्याकडे पहिल्याच वर्षी डोक्यात भरवतात ती गोष्ट सांगतो. समोरच्या जहाजाचं बेअरिंग (म्हणजे ते आपल्याला कुठल्या दिशेला दिसतं ते) बदलत नसेल आणि अंतर कमी होत असेल तर टक्कर होणार. म्हणजे काय, तर जे तुमच्यावर आदळणार असतं ते काचेत हलत नाही, एकाच जागी ठिपक्यासारखं बसून राहतं. आणि माणसाचा डोळा हलणारी वस्तू पकडतो, स्थिर ठिपका नाही. जवळ आल्यावर तो एकदम फुगतो पण तोवर वेळ गेलेली असते. बोटीवर निदान दहा पंधरा मिनिटं मिळतात हो, विमानात सेकंद. काकांना म्हणावं रात्री पुलावर उभं राहून एकदा वॉच करा. (पूल म्हणजे जहाजाचा ब्रिज, नदीवरचा नाही)

पंखा_फुल्ल_स्पीड
दर्यावर्दी काका तुमचं बरोबर आहे पण इथे तंतोतंत लागत नाही, कारण फायटर सरळ येत नव्हतं, डावीकडे कलून वळत होतं. मी अमेरिकेच्या एनटीएसबीचा (अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था) रिपोर्ट वाचलाय, २०२४ च्या शेवटी आला, थोडं लांबडं लिहितो, चालवून घ्या.

आधी ते फायटर समजून घ्या. पी-६३ किंगकोब्रा. याची रचनाच वेगळी, इंजिन नाकात नाही तर पायलटच्या पाठीमागे, आणि तिथून प्रोपेलरचा लांब दांडा पायलटच्या दोन्ही पायांच्या मधून पुढे जातो. आत शिरायला वर सरकणारी काच नाही, चक्क मोटारीसारखा बाजूला उघडणारा दरवाजा. म्हणजे काचांच्या आजूबाजूला चांगल्या जाड चौकटी आल्या. आता तुमच्यापैकी जे घाटात गाडी चालवतात त्यांना विचारतो, वळणावर पुढच्या काचेच्या कडेच्या खांबाआड अख्खा बाईकवाला लपतो की नाही? तो तिथेच असतो, आपणही बघतच असतो, पण मधे खांब. त्यात हे विमान कललेलं, म्हणजे खालची बाजू आणि नाक आणखी आड आलं. एनटीएसबीने कॉकपिटमधून काय दिसत असेल याचा वेगळा अभ्यासच केला, आणि विमानाच्याच भागांमुळे पायलटची नजर अडत होती हे त्यांच्या निष्कर्षात आहे. बी-१७ वाल्यांना तर दिसणं अजून कठीण, कारण धडक डाव्या बाजूने, पंखाच्या मागे बसली.

दुसरं म्हणजे तो एकटा नव्हता. तीन फायटर एकामागे एक, पुढे दोन पी-५१ मस्टँग आणि शेवटी हा. एकामागे एक उडताना शेपटीला असलेल्याचं लक्ष कुठे असणार, पुढच्यावरच ना. पुढच्याला सोडलं तर लाईन तुटते.

पण खरा घोळ पुढेच आहे. एअर शोला एक एअर बॉस असतो, तो जमिनीवरून रेडिओवर सगळ्यांना सांगतो तू इकडून ये तू तिकडून जा. प्रेक्षकांपासून ठराविक अंतरावर शो लाईन आखलेल्या असतात. त्या दिवशी त्याने बॉम्बरना सांगितलं १००० फुटांच्या लाईनवरून जा आणि फायटरना सांगितलं बॉम्बरच्या पुढून जाऊन ५०० फुटांच्या लाईनवर या. म्हणजे फायटरना बॉम्बरचा रस्ता ओलांडूनच जायचं होतं!! आणि उंची? कोण किती उंचीवर हे ना उड्डाणाआधीच्या ब्रीफिंगमध्ये ठरलं होतं ना हवेत गेल्यावर कोणी ठरवलं. एकाला वर एकाला खाली ठेवलं असतं तर तो दिसला काय न दिसला काय, फरक पडला नसता.

म्हणून एनटीएसबीने मुख्य ठपका ठेवला तो विमानं एकमेकांपासून लांब ठेवायचा आधीच ठरलेला पुरेसा प्लॅन नव्हता यावर. सगळी भिस्त एअर बॉसच्या आयत्या वेळच्या सूचनांवर आणि पायलटांनी एकमेकांना बघून टाळण्यावर. काकांना एवढंच सांगा की बघून टाळणे हा शेवटचा उपाय असतो, तिथे तो पहिला आणि एकमेव होता.

ठाणेकर_७७
बापरे. म्हणजे दोन फील्डर कॅचला धावले आणि कोणी "माझा" असं ओरडायचंच ठरलं नव्हतं असं काहीसं.

पंखा_फुल्ल_स्पीड
साधारण तसंच, फक्त इथे बाऊंड्रीवरून तिसराच ओरडतोय "घे घे".

भंगारवाला_नाही
कितीही टेक्निकल सांगा राव, ऐंशी वर्षांची विमानं उडवायचीच कशाला? म्युझियममध्ये ठेवा, लोक रांग लावून बघतील. आजोबांना मॅरेथॉनला उभं करायचं आणि मग पडले म्हणून रडायचं.

कॉनरोची_वैशाली
मी ह्यूस्टनजवळ राहते म्हणून लिहिते. हे बी-१७, टेक्सास रेडर्स, आमच्याच भागातलं, कॉनरोला असायचं. अपघाताच्या काही वर्षं आधी मुलांना घेऊन आत जाऊन आले होते. बाहेरून एवढं मोठं दिसणारं विमान आतून किती अरुंद असतं हे आत गेल्याशिवाय कळत नाही हो. मधे बॉम्ब ठेवायची जागा, तिथून पलीकडे जायला पाऊल मावेल एवढीच पट्टी, दोन्ही बाजूंनी खांदे घासतात. मी पर्स पोटाशी धरून आडवी आडवी गेले. बाजूचा पत्रा हाताला पातळ लागतो, तेलाचा वास, आणि तिथे उभे असलेले एक म्हातारे स्वयंसेवक माझ्या मुलाला मशीनगनचं तोंड कसं फिरायचं ते इतक्या प्रेमाने दाखवत होते की पोरगं तिथून हलेना. गंमत म्हणजे या विमानाने युद्धात बॉम्ब टाकलाच नाही, १९४५ मध्ये तयार झालं आणि नेव्हीने रडार लावून टेहळणीला वापरलं. १९६७ पासून कमेमोरेटिव्ह एअर फोर्सकडे, ही सगळी हौशी लोकांची संस्था आहे, वीकेंडला येऊन नटबोल्ट पुसणारी माणसं.
म्युझियममधलं बी-१७ पण पाहिलंय मी, दोरीच्या अलीकडून. मुलाला ते आठवतही नाही. हे आठवतं.
बातमी आली तेव्हा तो अकरावीत होता, जेवायला बसला नाही त्या दिवशी.

भंगारवाला_नाही
ताई तुमच्या भावना समजतात, मी कोणाला दुखवायला लिहिलं नाही. पण सहा जण गेलेच ना.

पंखा_फुल्ल_स्पीड
गेले, पण विमान जुनं होतं म्हणून नाही गेले. दोन्हीपैकी एकाचंही इंजिन बंद पडलं नव्हतं की काही तुटलं नव्हतं. तुमचा मुद्दा दुसऱ्या अपघाताला लागू आहे, २ ऑक्टोबर २०१९, कनेटिकटमध्ये बी-१७ च, नाव नाईन-ओ-नाईन. उडाल्या उडाल्या इंजिनाने दगा दिला, परतताना धावपट्टीच्या अलीकडेच आपटलं, सात गेले, त्यात तिकीट काढून बसलेले प्रवासी होते. तिथे देखभालीच्या चुका सापडल्या आणि ते विमान चालवणाऱ्या संस्थेची (ही वेगळी संस्था) प्रवासी नेण्याची परवानगीच काढून घेतली. मग २०२३ मध्ये सगळ्याच बी-१७ ना पंखांच्या जोडाची तपासणी करा असा हुकूम निघाला. वयाचे प्रश्न आहेतच, नाही कोण म्हणतंय. पण डॅलसला तुम्ही नवीकोरी विमानं आणली असती आणि असाच रस्ता ओलांडायला सांगितला असता तरी हेच झालं असतं.
फेब्रुवारी २०१९ ला बंगळुरूत सूर्यकिरणची (आपल्या एअर फोर्सची हवाई कसरतींची टीम) दोन हॉक जेट सरावात धडकली आणि एक पायलट गेला, ती काही भंगार नव्हती.

दर्यावर्दी
आपल्या एअर फोर्सकडे पण एक डाकोटा (जुनं मालवाहू विमान) आहे ना उडता? परशुराम नाव त्याचं.

पंखा_फुल्ल_स्पीड
हो काका, इंग्लंडमध्ये दुरुस्त करून २०१८ ला आणला. २०२१ च्या २६ जानेवारीला राजपथावर दोन एमआय-१७ हेलिकॉप्टरांच्या सोबतीने उडाला होता. १९४७ ला श्रीनगरला सैनिक उतरवले ते याच जातीच्या विमानांनी. भंगारवाला भाऊंनी तो उडताना एकदा ऐकावा, ऐकावा म्हणतोय, बघणं नंतर.

भंगारवाला_नाही
ऐकतो बाबा. पण खाली उभा नाही राहणार, लांबून.

ठाणेकर_७७
सगळ्यांचे आभार, खास करून वैशालीताईंचे. काल रात्री तो व्हिडिओ थांबवून थांबवून परत बघितला. आधी मी फक्त ती धडकच बघत होतो, आता ते वळण आधी दिसतं आणि नको नको म्हणावंसं वाटतं. वाटतं त्यातला एक जण जरी पन्नास साठ फूट वर असता. परत नाही बघणार.
काकांना सगळं मराठीत टाईप करून पाठवलं, पी-६३ चा दरवाजा, १००० फूट, ५०० फूट, घाटातला बाईकवाला, सगळं. निळी टिक आली. दोन तासांनी त्यांचा मेसेज, "म्हणजे मॅनेजमेंटची चूक, मी तेच म्हणत होतो."