एक्सपी ते अकरा : घरच्या कॉम्प्युटरवर नवं विंडोज घालताना काय काय सोसलंत?

मेधा_सांगली
काल बाबांच्या पीसीवर निरोप आला, हा कॉम्प्युटर विंडोज ११ साठी पात्र नाही. बाबांनी लगेच फोन लावला. "पात्र नाही म्हणजे काय गं? सकाळीच तर त्यावर लाइट बिल भरलं." त्यांना समजावता समजावता एक्सपीवरून सेव्हनवर आलो ते सगळं लख्ख आठवलं, म्हणून हा धागा काढतेय.

तेव्हा बाबा आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहीत होते. एसटीतून निवृत्त झाल्यावर गावोगाव हिंडले, त्र्यंबकेश्वरला उपाध्यांच्या वह्या बघून आले, आणि सगळं शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलं. एक्सपीवरून सेव्हनवर थेट चढता येत नसे, नव्यानेच टाकावं लागायचं. दुकानातला मुलगा ते करून गेला. बाबांनी फाइल उघडली तर पानभर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. शिवाजी फॉन्ट नव्या विंडोजमध्ये नव्हताच. ते काही बोलले नाहीत. चष्मा पुसून पुन्हा बघत राहिले. माझ्या पोटात गोळा आला होता.

त्या मुलाने डिस्क फॉरमॅट केली नव्हती, एवढं बरं. सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचं फोल्डर होतं. त्यात विंडोज, त्यात फॉन्ट्स, आणि तिथे आमचा फॉन्ट जसाच्या तसा पडलेला. नव्या फॉन्ट्सच्या फोल्डरमध्ये नेऊन टाकला, फाइल परत उघडली आणि पहिल्याच ओळीत 'मूळ पुरुष' असं दिसलं. बाबांनी तिथल्या तिथे पेढे आणायला पाठवलं.

नवं येऊ दे, माझी ना नाही. पण माणसाने वर्षानुवर्षं आत काय लिहून ठेवलंय आणि ते नव्यात दिसणार का, हे आधी सांगायला नको का? तुमचेही अनुभव लिहा. मोठे झाले तरी चालतील.

पक्या७७
सेम निरोप आमच्याकडे. इंटेलचा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एसएसडी घातलेली. काही म्हणजे काही त्रास नाही. पण विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी लागते म्हणे. धडधाकट मशिन भंगारात घाला असं सांगतात याचा संताप येतो.

मेधाताई, बाबांचा पीसी आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर आधी बायोसमध्ये (पीसी सुरू होताना एक की दाबून उघडतात ती सेटिंग) बघा. टीपीएम, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय, नुसतं बंद असेल. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी नावाने असतं, एएमडीवर एफटीपीएम. चालू करून पाहा, घाईने नवा घेऊ नका.

आणि कुलवृत्तांत कुठल्या घराण्याचा?

अनघा_मस्कत
मेधा, ती इंग्रजी अक्षरं वाचून काटा आला अंगावर. आमच्या अकोल्याच्या घरी उलटी तऱ्हा होती. फॉन्ट होता (मंगल), युनिकोड होतं (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच राहावी अशी अक्षरांची ठरलेली पद्धत), तरी मराठी वाचवत नव्हतं. एक्सपीत आपल्या लिपीची जोडणी आपोआप सुरू नसायची. कंट्रोल पॅनलमध्ये रीजनल ॲण्ड लँग्वेज, तिथे एका चौकटीत टिक करायची, की लगेच ते सीडी मागणार. आय३८६ फोल्डर द्या म्हणणार. सीडी कुठून देऊ? असेंबल करून देणाऱ्याने कधी दिलीच नव्हती!

तोवर आईला दादाची मेल अशी दिसायची की वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटलेली. 'मिरची'चं 'मरिची'. जोडाक्षरांचे पाय मोडलेले. आई तरीही बोट ठेवून ठेवून पूर्ण वाचायची, आणि वाचून झालं की परत पहिल्यापासून. शेवटी शेजारच्या काकांनी ऑफिसातून सीडी आणली. व्हिस्टापासून ही भानगड संपली. बाकी व्हिस्टाला लोक कितीही शिव्या घालोत, त्या एका गोष्टीसाठी मी त्याचे उपकार मानते.

पक्या७७
मरिची हा ऋषी होता ना?

अनघा_मस्कत
तो मरीची, दीर्घ :) आमच्या आईनेही हेच विचारलं होतं तेव्हा.

अक्षरजुळणी
इचलकरंजीत डीटीपीचं दुकान आहे. लग्नसराई चालू आहे म्हणून थोडक्यात लिहितो.

आमचं पत्रिकांचं सॉफ्टवेअर जुनं. त्याचं कुलूप, म्हणजे डोंगल, मागच्या प्रिंटरच्या रुंद पोर्टला लागतं. नव्या मदरबोर्डला तो पोर्टच नाही. यूएसबीचं कन्व्हर्टर लावलं तर कुलूप ओळखत नाही. बरं, त्यातला एक भाग १६ बिटचा, आणि ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचं काही चालतच नाही. म्हणजे नवं घ्यायचं तर पीसी, सॉफ्टवेअर, फॉन्ट सगळंच नवं. आणि जुनी गिऱ्हाइकं येऊन म्हणतात, थोरल्याच्या पत्रिकेत होती तीच अक्षरं धाकट्याला पाहिजेत.

म्हणून एक एक्सपीचं मशिन राखून ठेवलंय. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट संपला. त्या दिवशी त्याची नेटची वायर काढली ती परत लावली नाही. पेन ड्राइव्हसुद्धा लावू देत नाही. त्यावर पान जुळवायचं, बटर पेपरवर प्रिंट काढायची, ऑफसेटवाल्याकडे द्यायची. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पण आहे जोडलेला, त्याने आजवर कधी अडवलं नाही.

मेधाताई, फॉन्ट नुसता कॉपी करून भागणार नाही हो. बाबांची फाइल युनिकोडमध्ये आणा. कन्व्हर्टर मिळतात, पण छापण्याआधी माणसाने वाचलंच पाहिजे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार नंतर, युनिकोडमध्ये उलट. त्यामुळे 'र्मि' असलं काही आलं की कन्व्हर्टर हमखास चुकतो. नावांची पुस्तकं असतील तर जास्तच जपायचं, नाव चुकलं की भावकी घरी येते.

वाशिष्ठीकाठ
चिपळूणजवळ आमचं गाव. २०१५ ला विंडोज १० फुकट मिळत होतं तेव्हाची गोष्ट. घरी नेटचं डोंगल (अक्षरजुळणी, तुमचं कुलूपवालं नव्हे), महिन्याचा पॅक मोजून मापून वापरायचा. एका सकाळी पॅक संपलेला! कुणी काही बघितलं नव्हतं, की उतरवलं नव्हतं. नंतर कळलं, नवं विंडोज मागच्या दाराने येऊन बसलं होतं. परवानगी कुणी विचारली? शहरातल्या लोकांना यात काय विशेष वाटणार नाही. पण त्याच महिन्यात माझ्या बहिणीचे प्रवेशाचे फॉर्म होते. डोंगल घेऊन टेकडीवरच्या शाळेपर्यंत चढायचं, तिथे रेंज मिळायची, आणि पॅकच नाही.

मग प्रत्यक्ष चढवताना मध्येच लाइट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. लाइट आली तेव्हा पीसी म्हणाला, पूर्वीचं विंडोज परत आणतोय. आणलं. सगळं जाग्यावर होतं. त्या एका गोष्टीचं मात्र खरंच कौतुक.

नीमा
कामावरून येता येता लोकलमध्ये वाचतेय. आमच्या आजीला फक्त पत्त्यांसाठी कॉम्प्युटर लागायचा, स्पायडर सॉलिटेअर. दुपारी चहा झाला की बसायची. काकाने नवा पीसी आणला विंडोज ८ चा. पत्ते नाहीत! ते वेगळे उतरवून घ्यावे लागायचे. स्टार्टचं बटणही नाही. आजी म्हणाली, "बंद कुठून करू? घराला दार तरी ठेवायचं." ८.१ मध्ये बटण परत आलं, पण तोवर तिने खरा कॅट काढला आणि आम्हाला सगळ्यांना लॅडिस शिकवलं. अजून खेळतो गणपतीत.

पुढचं स्टेशन दादर, नंतर लिहिते.

पक्या७७
एक्सपीतलं पिनबॉल आठवतं का कुणाला? पुढे दिलंच नाही त्यांनी. मी आणि चुलतभाऊ त्यावरून मारामारी करायचो.

निवृत्त_मास्तर
नमस्कार. वय ७१. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यावर मुलाने जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) घातलं. सुरुवातीला मी नाराज होतो. मराठी इनस्क्रिप्टचा कळफलक तोच आहे हे पाहिल्यावर जिवात जीव आला, कारण बोटांना तीच सवय. प्रिंटरही चालला, आणि ज्या स्कॅनरसाठी नव्या विंडोजचा ड्रायव्हरच मिळत नव्हता तोही चालू झाला. मी विद्यार्थ्यांची जुनी हस्तलिखितं स्कॅन करतो, त्यामुळे फार आनंद झाला. ज्यांची मशिन अपात्र ठरली आहेत त्यांनी हा मार्ग अवश्य पाहावा. पेन ड्राइव्हवरून काही न पुसता आधी चालवून बघता येतं.

विंडोज १० च ठेवायचं असेल तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळू शकतात, त्यासाठी नोंदणी करावी लागते.

मेधाताई, वडिलांना माझा नमस्कार कळवा. कुलवृत्तांताचं काम फार मोठं आहे.

मेधा_सांगली
मास्तर, वाचून दाखवलं बाबांना. खूश झाले. तुमची हस्तलिखितं कसली आहेत म्हणून विचारताहेत.

पक्या, बायोस उघडलं. आधी एफ२ दाबत बसले होते, आमच्या बोर्डाला डिलीट लागतं. पीटीटी सापडलं, बंदच होतं! चालू केल्यावर आता पीसी पात्र आहे असं येतंय. पण अपग्रेड आत्ता नाही. आधी फाइल युनिकोडमध्ये आणणार, फॉन्ट आणि मूळ प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवणार, मगच. घराणं आमचं मिरजेकडचं, बाबा म्हणतात आडनाव इथे लिहू नकोस, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

वाशिष्ठीकाठ
फॉन्ट आधीच काढून घेताय हे फार बरं. विंडोज डॉट ओल्डच्या भरवशावर आता राहू नका, हल्ली ते अपग्रेडनंतर दहा दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

अक्षरजुळणी
मेधाताई, दोन पानं आणि फॉन्टची टीटीएफ फाइल मला पाठवा. शिवाजी नावाचे बरेच फॉन्ट फिरतात, कुठला आहे ते बघितल्याशिवाय कन्व्हर्टर सांगता येणार नाही. रात्री दहानंतर बसतो. पैशाचं काढू नका.

निवृत्त_मास्तर
हस्तलिखितं म्हणजे आमच्या शाळेचे वार्षिक अंक, मुलांनी हाताने लिहिलेले आणि चित्रं काढलेले. १९८४ पासूनचे आहेत. काहींच्या कडा वाळवीने खाल्ल्यात, ते स्कॅन करताना पान कसं धरावं हे कुणी सांगेल का?