सांगलीहून कोकण: म्युझियम, किल्ले बघायचेत, रत्नागिरी करू की मालवण?

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. नाताळच्या सुट्टीत शनि-रवि-सोम जोडून कोकणात जायचं चाललंय. पण यावेळी नुसता बीच आणि पापलेट नको असं घरातून फर्मान निघालंय. मुलगी सहावीत आहे, तिला किल्ले, जुनी घरं, म्युझियम असलं सगळं बघायचंय, आणि बाबा पण बरोबर आहेत, त्यांचे गुडघे काही फार साथ देत नाहीत, सपाटीला तासभर चालतात पण पायऱ्या म्हटलं की नाही. रत्नागिरीत राहावं का मालवणात? दोन्ही होईल का तीन दिवसांत? आणि सिंधुदुर्ग किल्ला बाबांना झेपेल का? गाडी स्वतःची आहे.

सातारी_तडका
दोन्ही करायच्या भानगडीत पडू नका, रत्नागिरी ते मालवण यातच चार तास तरी जातात, म्हणजे एक दिवस गाडीतच. माझं मत विचाराल तर मालवण. सिंधुदुर्गाचं बांधकाम २५ नोव्हेंबर १६६४ ला सुरू झालं, पायात शिसं ओतलेलं, आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी, चहूबाजूला खारं पाणी आणि मध्ये हे, मुलगी खूश होईल. शिवाय राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आणि चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा. आता तर युनेस्कोच्या यादीत पण आलाय, जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले घेतले त्यात आपला प्रतापगड, तुमच्या जवळचा पन्हाळा, आणि समुद्राकडचे सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी.
गुडघ्यांचं म्हणाल तर जेट्टीवरून होडीत चढणं-उतरणं हाच खरा त्रास, होडी हलत असते आणि नाताळात गर्दी म्हणजे विचारू नका, सगळे एकदम उठतात. बाबांना मालवणच्या किनाऱ्यावर चहा घेत बसवायचं आणि तुम्ही जाऊन यायचं असंही करता येतं पण मग ते बरोबर येऊन काय उपयोग.

जांभ्याचा_सडा
मी रत्नागिरीचा, नोकरीनिमित्त सध्या मिरजेत, त्यामुळे पार्शालिटी होणारच :) तरी सांगतो. रत्नागिरीतच राहा.
पहिलं थिबा पॅलेस. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, इंग्रजांनी १८८५ मध्ये त्याला गादीवरून काढला आणि इकडे आणून ठेवला, तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. वाडा बांधून व्हायला १९१० उजाडलं, आणि १९१६ मध्ये तो गेला सुद्धा, म्हणजे एवढा मोठा वाडा त्याच्या वाट्याला जेमतेम सहा वर्षं. बाबांना हे नक्की आवडेल कारण याचीच उलटी बाजू म्हणजे बहादूरशहा जफर, त्याला दिल्लीहून उचलून ब्रह्मदेशात रंगूनला नेला होता, इकडचा बादशहा तिकडे आणि तिकडचा राजा इकडे. आत म्युझियम आहे, पण माझ्या मते खरी बघायची गोष्ट वाडाच आहे, उतरती छपरं, लाकडी कोरीवकाम. बाहेर पडलात की थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी बघा. म्युझियम सोमवारी बंद असतं, हे आधी लिहून ठेवा कारण तुमचा एक दिवस सोमवारच आहे.
दुसरं टिळक आळीत लोकमान्यांचं जन्मस्थान. कौलारू घर, फोटो, अर्ध्या तासात होतं, आणि रत्नदुर्गाला गाडी बरीच वर जाते.
पण मुलीला घेऊन येताय तर कातळशिल्पं चुकवू नका, हात जोडून सांगतो. जांभ्याच्या उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर कोरलेले हत्ती, मासे, वाघ, माणसं, अभ्यासकांच्या अंदाजाने दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची, आणि २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. उक्षीला हत्ती आहे, भोवती गोल कठडा केलाय त्यामुळे वरून नीट दिसतो आणि बाबांनाही त्रास नाही. कशेळीचा हत्ती तर केवढा मोठा, त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत, पण तो जमिनीवर उभं राहून एका नजरेत मावतच नाही. बारसूला एक माणूस आणि दोन्ही अंगाला वाघ.
वेळ मात्र सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावरचीच. भर दुपारी सड्यावर सावलीचं नाव नाही आणि ऊन डोक्यावर असलं की चर दिसतच नाहीत, दगड नुसता सपाट लालकाळा दिसतो. तिरपं ऊन पडलं की चराच्या एका कडेला सावली धरते आणि मग हत्तीची सोंड, पाय सगळं उठून येतं, मुलीला म्हणावं खाली बसून बघ. आणि फोटो छान यावा म्हणून खडू फासणारे, वर चढून रील काढणारे भेटतील, त्यांच्यातले होऊ नका.

कृष्णेची_लेक
सगळं बरोबर आहे पण मला एक कळत नाही, सांगलीकर साताऱ्याकडच्या औंधला गेलेत का आधी? भवानी संग्रहालय, १९३८ पासूनचं, पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं, राजा रविवर्म्याची अस्सल चित्रं, इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं दगडी शिल्प, तेही खटाव तालुक्यात! कोणी बघत नाही. बरं ते जाऊ दे, कोकणचंच सांगते. गणपतीपुळ्याला जाणार असालच तर मालगुंडला केशवसुतांचं घर आहे, स्मारक केलंय, शांत आहे आणि बाबा कवितावाले असतील तर तिथून लवकर निघणार नाहीत. पुळ्यातच प्राचीन कोकण नावाचं उघड्यावरचं म्युझियम आहे, जुने बलुतेदार, घरं, माणसाच्या आकाराचे पुतळे. मोठ्यांना थोडं बाळबोध वाटतं, सहावीच्या पोरीला अगदी योग्य.

भडंगप्रेमी
विजयदुर्ग कोणीच नाही बोललं?? होडीची भानगड नाही, रस्ता पार दारापर्यंत, तिहेरी तटबंदी, वाघोटन खाडीचं तोंड. आंग्र्यांचं आरमार इथलं, १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज दोघांनी मिळून तुळाजी आंग्र्याकडून घेतला आणि ते आरमार जळालं, आपल्याच लोकांनी आपलंच आरमार बुडवलं, डोकं फिरतं वाचून. शिवाय हेलियमचा शोध तिथेच लागला, सूर्यग्रहण बघायला केलेले साहेबाचे ओटे म्हणून दाखवतात.

सातारी_तडका
@भडंगप्रेमी किल्ल्याबद्दल एकदम सहमत पण हेलियमचं जरा जपून. १८ ऑगस्ट १८६८ चं सूर्यग्रहण खरं, पण त्यात सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेघ टिपली फ्रेंच जान्सेनने गुंटूरहून, आणि इंग्रज लॉकयरने ऑक्टोबरमध्ये इंग्लंडात बसून बघितली. ओटे जरूर बघा, फक्त पोरीने शाळेत जाऊन हेलियम विजयदुर्गात सापडला असं लिहिलं तर सायन्सच्या बाई मार्क कापतील.

विश्रामबागकर
धन्यवाद सगळ्यांना, खूपच कामाचं मिळालं. बाबांना वाचून दाखवलं, ते थिबावरच अडकलेत, मालवणचा विषयच संपला. मग असं ठरवतोय: शनिवारी पहाटे निघून दुपारपर्यंत रत्नागिरी, मग थिबा आणि टिळक आळी. रविवारी सकाळी उक्षी, तिथून मालगुंड-पुळे. सोमवारी म्युझियम बंद असलं तरी किल्ला काही बंद नसतो ना? म्हणून विजयदुर्ग करून तिकडूनच घरी. जमेल?

जांभ्याचा_सडा
जमेल. शनिवारी शिराळा-कोकरूड-मलकापूर करून आंबा घाट उतरा, साखरप्याला चहा घ्या, पुढे हातखंब्यापर्यंत हायवेचं काम कुठे कुठे निघतं म्हणून अर्धा तास जास्तीचा धरा. सोमवारी मात्र रत्नागिरी सातच्या आत सोडायची, राजापूरवरून विजयदुर्ग, आणि येताना तळेरे-वैभववाडी-गगनबावडा. करूळ घाट चालू आहे का भुईबावड्याने जावं लागेल ते तळेऱ्यातच पंपावर विचारून घ्या. आणि उक्षीला जाताना गावात विचारा, मॅप कधी कधी भलत्याच पाणंदीत नेऊन सोडतो.