मदत हवी आहे: ताडोबाजवळ होमस्टे आहे, गूगल जाहिरातीवर क्लिक येतात पण बुकिंग काही होत नाही

नमस्कार मंडळी,

चिमूर तालुक्यात कोलारा गेटच्या अलीकडे आमचं गाव आहे. वावराला लागून चार खोल्यांचा होमस्टे काढला आहे, जेवण घरचंच, सैपाक आई आणि बायको पाहतात आणि बाकी सगळं म्हणजे गिऱ्हाईक, खोल्या, जिप्सीवाल्याला फोन लावणं हे माझ्याकडे. आतापर्यंत धंदा गाईड आणि जिप्सीवाल्यांच्या ओळखीवर चालला, एकदोन बुकिंग अ‍ॅपवरही नाव आहे पण ते कमिशन कापतात ते कापतातच, वरून गिऱ्हाईकाशी आधी धड बोलताही येत नाही. म्हणून म्हटलं आपली वेबसाइट, आपली जाहिरात, आणि हे काम कोणाला न देता स्वतः शिकून घ्यायचं.

गूगल बिझनेस प्रोफाइलसोबत आधी एक साधी वेबसाइट फुकटात मिळायची, ती गूगलनं मार्च २०२४ मध्ये बंद केली. मग जिल्ह्याच्या ठिकाणी एक जण वेबसाइट बनवते त्याच्याकडून नवीन बनवून घेतली. दिसायला एक नंबर आहे, उघडल्या उघडल्या वाघिणीचा व्हिडिओ चालू होते, खाली खोल्यांचे फोटो, शेवटी फोन नंबर. आता गूगल अ‍ॅड्सवर सर्च कॅम्पेन (गूगलवर शोधणाऱ्याला दिसणारी जाहिरात) लावलं आहे, रोजचं बजेट ३०० रुपये. कीवर्ड टाकले ते असे: ताडोबा, ताडोबा सफारी, ताडोबा सफारी बुकिंग, ताडोबा रिसॉर्ट, ताडोबा होमस्टे, सगळे इंग्रजी अक्षरात.

आता गंमत अशी होऊन राहिली की क्लिक रोज येतात, दुपारपर्यंत पैसे संपून जातात, आणि फोन आलाच तर समोरचा विचारते "भाऊ, शनिवारचं कोअरचं परमिट भेटन का?" अरे बापा, कोअर म्हणजे जंगलाचा आतला भाग, त्याच्या सफारीचं परमिट वनखात्याच्या साइटवर भेटते, माझ्याकडे खाट आणि वरण-भात आहे! खोलीबद्दल विचारणारा मोठ्या मुश्किलीनं एखादा.

हिंदी व्हिडिओ भरपूर पाहून राहिलो पण ते सगळे टी-शर्ट आणि मोबाइल कव्हर विकणाऱ्यांसाठी आहेत. बिडिंग, क्वालिटी स्कोअर, कन्व्हर्जन, लँडिंग पेज, एलसीपी, एवढे शब्द एकदम अंगावर येतात की आधी काय शिकावं हेच कळत नाही. आणि आमचा धंदा वेगळा, माल म्हणजे चार खोल्या, मंगळवारी गेट बंद, १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद. गडबड जाहिरातीत आहे की वेबसाइटमध्ये हे कसं ओळखायचं? आणि ते "पहिल्या नंबरवर आणून देतो, गॅरंटी" वाले रोज फोन करतात, त्यांच्यात काही दम असते का?

---

अमरावतीकर

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. गूगल स्वतःच लिहून ठेवते की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. नंबर ब्लॉक करा आणि पुढं चला.

आता तुमचं दुखणं, ते तर तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. फोन करणारा परमिट मागते म्हणजे जाहिरात परमिटवाल्यालेच दिसून राहिली. अ‍ॅड्समध्ये "सर्च टर्म्स" नावाचा रिपोर्ट आहे तो उघडा. कीवर्ड म्हणजे तुम्ही टाकलेला शब्द, आणि सर्च टर्म म्हणजे माणसानं खरोखर काय टाइप केलं ते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. नुसता शब्द टाकला की तो ब्रॉड मॅच होते, मग गूगल त्याच्या आसपासच्या कशावरही जाहिरात दाखवते, ताडोबाची बातमी शोधणारा, वाघाचा फोटो शोधणारा, नकाशा पाहणारा, सगळे त्यात. अवतरण चिन्हात टाकला तर फ्रेज मॅच, म्हणजे त्या शब्दांचा अर्थ ज्यात आहे अशाच शोधांवर; चौकोनी कंसात टाकला तर एक्झॅक्ट, म्हणजे नेमक्या त्याच अर्थाच्या शोधांवर. नवीन माणसानं ३०० रुपयांत ब्रॉडच्या नादी लागू नये हे माझं मत, कोणाला पटो न पटो.

"ताडोबा" आणि "सफारी बुकिंग" हे कीवर्ड बंद करा. लोक सगळ्यात जास्त तेच शोधतात हे खरं, पण त्यांना खोली नको असते, निदान त्या क्षणी तरी. तुमचं गिऱ्हाईक म्हणजे ज्याच्या हातात कोलारा गेटचं परमिट आलं आहे आणि आता तो रात्री कुठं राहू हे पाहून राहिला तो. तो टाइप करन "कोलारा गेटजवळ राहायची सोय", "कोलारा होमस्टे". असे लोक कमी असतात पण ते तुमचे असतात. मोहर्ली या दुसऱ्या गेटचं परमिट असलेला माणूस तुमच्याकडे कायले राहील, पहाटे गेटवर पोचायचं असते त्याला, म्हणून "मोहर्ली" सरळ निगेटिव्ह कीवर्डमध्ये (ज्या शब्दांवर जाहिरात दाखवायची नाही ते) टाका. सोबत परमिट, न्यूज, मॅप, फोटो, जॉब, व्हेकन्सी हेही टाका. निगेटिव्हमध्ये एकवचन टाकलं की अनेकवचन आपोआप अडत नाही, दोन्ही टाकावे लागतात.

एक अडचण येईल. फारच बारीक कीवर्ड टाकला तर गूगल "लो सर्च व्हॉल्यूम" असा शेरा मारून तो झोपवून ठेवते. घाबरू नका, मग थोडा मोठा फ्रेज घ्या, जसं "ताडोबा होमस्टे", आणि कोलाराचं नाव जाहिरातीच्या मथळ्यात आणा, म्हणजे मोहर्लीवाला ते वाचून स्वतःच क्लिक करणार नाही. क्लिक न होणं हेही कमाईच आहे, पैसे क्लिकचेच लागतात.

सेटिंगमध्ये डिस्प्ले नेटवर्कची (म्हणजे शोधाबाहेर दुसऱ्या साइटवर जाहिरात दाखवायची) टिक काढा. लोकेशनमध्ये नागपूर, पुणे, मुंबई, हैदराबाद घेतलं असन तर त्याखालचा पर्याय पाहा, तिथं आपोआप "त्या भागात असलेले किंवा त्यात रस असलेले" असं निवडलेलं असते, ते "असलेले" एवढंच ठेवा.

---

कोड आणि कांदेपोहे (पुणे)

धागाकर्त्याने व्यनिमधून (खाजगी निरोपातून) लिंक पाठवली, साइट मोबाइलवर पाहिली. जाहिरात कितीही सुधारा, या पानावर माणूस टिकणार नाही. तो वाघिणीचा व्हिडिओ जड आहे आणि पहिल्याच स्क्रीनवर आहे, त्यामुळे माझ्याकडे पुण्यात फोर-जीवर मला पांढरा पडदा बघत बसावं लागलं, उमरेड-भिसी रस्त्यावरून येणाऱ्या माणसाचं काय होत असेल. पेजस्पीड इन्साइट्स नावाचं गूगलचं फुकट टूल आहे, त्यात पत्ता टाका, ते मोबाइलचा आणि डेस्कटॉपचा वेगवेगळा निकाल देतं, तुम्ही मोबाइलचाच बघा. एलसीपी म्हणजे पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट दिसायला लागणारा वेळ, तो २.५ सेकंदांच्या आत असेल तर चांगला धरतात. व्हिडिओ काढा, त्याच्या जागी खोलीचा एक फोटो, वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये, लहान करून. कॅमेऱ्यातले फोटो जसेच्या तसे चढवलेत, ते ब्राउझरला छोट्या चौकटीत दाखवायला लागतात पण डाउनलोड अख्खे होतात.

आणि हो, वाघ सगळ्यांच्याच साइटवर आहे. मी पर्यटक म्हणून आलो तर मला संडास-बाथरूम बघायचं असतं. तो फोटोच नाही!

दुसरं, फोन नंबर तुम्ही चित्रात लिहिलाय. म्हणजे मोबाइलवर बोट लावलं तर काहीच होत नाही. नंबरला टेल लिंक (बोट लावलं की फोन लागतो ती) हवी, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण हवं, आणि ही दोन्ही स्क्रीनच्या तळाशी चिकटून राहायला हवीत. त्यावर झालेला टॅप म्हणजेच तुमचं कन्व्हर्जन, एवढा सोपा अर्थ आहे त्या शब्दाचा. तो टॅप जीए-फोरमध्ये (गूगलचं भेटी मोजायचं टूल) मोजा आणि अ‍ॅड्सला जोडा, तोपर्यंत कोणता कीवर्ड पैसे खातोय आणि कोणता कमावून देतोय हे कळणारच नाही, सगळा अंदाजपंचे कारभार.

पानावर दर नाहीत. "फोन करून विचारा" लिहिलंय. जेवणासकट एका खोलीचे किती, मुलांचे किती, गेटपासून किती अंतर, जिप्सी ठरवून देता का, हे सगळं मजकुरात लिहा. गूगललाही तेच वाचता येतं, फोटोतलं लिहिलेलं माणूस वाचतो पण शोधात त्याचा भरवसा धरू नका. सर्च कन्सोल या गूगलच्या टूलमध्ये साइट जोडून साइटमॅप (साइटच्या पानांची यादी) द्या, तेही फुकट. जाहिरातीवर खर्च केला म्हणून खालच्या फुकटच्या निकालात वर येत नाही, हा गैरसमज खूप जणांचा असतो.

अजून एक, डोमेन म्हणजे साइटचा पत्ता कोणाच्या नावावर आहे? बनवणाऱ्याच्या ईमेलवर असेल तर आजच बोलून स्वतःच्या खात्यात घ्या. उद्या त्यानं धंदा बदलला तर तुम्ही अडकाल.

---

वर्ध्याची घाणेवाली

माझा लाकडी घाण्याचा छोटा धंदा आहे, जवस आणि करडीचं तेल. मी तर म्हणन दादा, जाहिरात थोडे दिवस थांबवली तरी चालन, आधी मॅपवरची प्रोफाइल नीट करा. नावात "बेस्ट होमस्टे निअर ताडोबा" असं काही घुसवू नका, बोर्डावर जे नाव आहे तेच, नाही तर प्रोफाइल सस्पेंड होऊ शकते आणि मग परत मिळवता मिळवता जीव जाते. पिन बरोबर फाटकावर आहे का ते पाहा, आमच्याकडं पिन शेजाऱ्याच्या गोठ्यावर होती, गिऱ्हाईक म्हशीसमोर गाडी लावून फोन करायचे.

रिव्ह्यू मागा, पाहुणे निघताना त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक टाका. पण रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देऊ नका, ते नियमात बसत नाही. आलेल्या रिव्ह्यूला उत्तर देत जा, त्यात कोलारा गेट, झुणका, चुलीवरचं जेवण असं आपोआप येते.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे लय आभार. सर्च टर्म्सचा रिपोर्ट पाहिला आणि डोकंच धरलं, "ताडोबा टायगर नेम लिस्ट", "ताडोबा ऑनलाइन परमिट", "ताडोबा नागपूर डिस्टन्स", अर्ध्याहून जास्त पैसे असल्या शोधांवर. मोहर्ली, परमिट, न्यूज सगळं निगेटिव्हमध्ये टाकलं. व्हिडिओ काढायला सांगितला, बनवणारा म्हणते "मग साइट साधी दिसन", म्हटलं दिसू दे. डोमेन खरंच त्याच्या ईमेलवर आहे, देतो म्हणाला, पाहू. बाथरूमचा फोटो आज काढतो, आईला आधी सांगावं लागन.

दोन गोष्टी राहिल्या. १००० रुपये भरले तर खात्यात ८४७ च्या आसपास दिसतात, हे काय आहे? आणि बिडिंगला, म्हणजे क्लिकची बोली कशी लावायची त्यात, "मॅक्सिमाइज कन्व्हर्जन" निवडू का, व्हिडिओवाले तेच सांगतात. पावसाळ्यात सगळं बंद ठेवायचं का?

---

अमरावतीकर

कापलेले पैसे म्हणजे १८ टक्के जीएसटी, भरलेल्या रकमेतूनच वजा होते. तुमचा जीएसटी नंबर असन तर पेमेंट प्रोफाइलमध्ये टाकून ठेवा, क्रेडिटचं सीएला विचारा.

मॅक्सिमाइज कन्व्हर्जन आता नको. त्या मशीनला शिकायला कन्व्हर्जन लागतात आणि तुमच्याकडे अजून मोजणीच चालू नाही. सध्या मॅक्सिमाइज क्लिक घ्या आणि त्यात एका क्लिकची कमाल मर्यादा टाका, हा पर्याय त्यातच खाली असते. एखाद्या दिवशी ३०० च्या जागी ५०० गेले तर ओरडू नका, गूगल एका दिवशी दुप्पटपर्यंत जाऊ शकते, महिन्याचा हिशेब मात्र रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीच्या वर जात नाही. आणि अ‍ॅड शेड्यूल लावा, तुम्ही ज्या वेळी फोन उचलत नाही त्या वेळी जाहिरात दाखवून काय उपयोग.

पावसाळ्यात कॅम्पेन डिलीट नका करू, पॉज करा. पण त्या तीन महिन्यांत बफरच्या (कोअरच्या भोवतालच्या जंगलाच्या) सफारी चालू असतात, त्यासाठी वेगळं पान आणि छोटं वेगळं कॅम्पेन ठेवता येते, १०० रुपये रोजचं, फक्त नागपूर. शनिवार-रविवारचे लोक पावसात हिरवं पाहायला येतात. त्या पानावर कोअर बंद आहे हे पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरात लिहा, नाही तर पुन्हा तेच परमिटचे फोन सुरू.